सालीतलं साल : बर्गंडीची रेड वाइन शिकताना

माझ्यासमोर दोन ग्लास होते. दोन्हींत फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वोलने गावची, एकाच तुकड्यातली, एकाच हाताने केलेली प्रीमिए क्रू, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाची वाइन. फरक फक्त सालाचा होता. एक २००९ ची, दुसरी २०१० ची, पण कोणती कुठली ते सांगितलेलं नव्हतं. पहिली भरदार, पिकल्या चेरीच्या वासाची, तोंडात जाताच आपलीशी वाटणारी. दुसरी अंग चोरून बसलेली. तिचा वास धड वर येईना आणि जिभेच्या कडांना ती आंबट लागत होती. मी कागदावर बेधडक लिहिलं, पहिली वीस वर्षं टिकेल, दुसरी लवकर संपवावी. शिकवणाऱ्या बाईंनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "त्या दोन वर्षांचा जून कसा होता?"

जूनबद्दल मला काहीच सांगता येईना. कोणत्या सालाला किती तारे, याचा तक्ता मात्र तोंडपाठ होता.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आमच्या घरी 'यंदाचं वर्ष कसं गेलं' याचं उत्तर कुणी दहापैकी इतके गुण असं देत नाही. आप्पा सांगतात, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी उरकली आणि आठव्या दिवशी पाऊस लागला, फुलोऱ्यात आभाळ राहिलं, डाऊनी बुरशीने दोन ओळी नेल्या, मग थंडीत मण्यांची फुगवणच थांबली. लहानपणापासून हे ऐकत आले होते. आणि तरी बोन शहरातल्या त्या वर्गात शिरताना मी हे सगळं दाराबाहेर काढून ठेवलं होतं, जणू वाइन म्हणजे शेतीबाहेरची काही वस्तू आहे.

नाशिक-सांगलीकडची मुलं-मुली आता वाइनच्या अभ्यासाकडे वळताहेत, आणि त्यांतले काही जण मला विचारतात की बर्गंडीची सालं लक्षात कशी ठेवायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तक्ता पाठ करू नका. आपल्याकडे बागेचं वर्ष जसं सांगतात, तसं ते साल सांगता आलं पाहिजे.

आधी वाटेबद्दल थोडं. मी भारतातच डब्ल्यूएसईटी या ब्रिटिश वाइन-शिक्षण संस्थेची तिसरी पातळी केली आणि मग दीड वर्ष फक्त फ्रेंचवर घालवलं. हे दीड वर्ष वाया गेलं असं तेव्हा वाटायचं, पण तळघरातली खरी माहिती फ्रेंचमध्येच मिळते. इंग्रजीत तुम्हाला पाहुण्यांसाठीचं भाषण ऐकायला मिळतं. दिजोंच्या विद्यापीठात ज्यूल ग्यूयो संस्थेत वाइनशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, बोनला द्राक्षशेतीची शाळा आहे, आणि थोड्या दिवसांसाठी जायचं असेल तर बोनमध्येच बर्गंडी वाइन मंडळाची शाळा चालते. माझ्या वेळी विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता यायचं. त्यातले शक्य तेवढे तास बागेत घालवा. दुकानात उभं राहून पैसे बरे मिळतात, पण साल कळतं ते चिखलाने जड झालेल्या बुटांनी फिरताना.

रेड वाइनसाठी नावाजलेला भाग म्हणजे कोत-दोर. दिजोंच्या दक्षिणेपासून सांतनेपर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर लांब, पूर्वेकडे तोंड करून उतरत आलेली चुनखडीची धार. उत्तरेचा भाग कोत द न्वी. जेव्रे-शांबेर्तां, शांबोल-म्युसिन्यी, वोन-रोमाने ही गावं तिथली. दक्षिणेचा कोत द बोन, त्यात पोमार, वोलने आणि खुद्द बोन. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, त्याला 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने हे तुकडे जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साधी प्रादेशिक, गावाच्या नावाची, मग प्रीमिए क्रू, सर्वांत वर ग्रां क्रू, ही उतरंड तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडेल. क्लो द वूजो हे एकच ग्रां क्रू पन्नास हेक्टरांचं आहे आणि त्याचे मालक ऐंशीच्या आसपास आहेत. नेपोलियनच्या काळापासून सगळ्या मुलांना समान वाटणी मिळत गेली, त्यामुळे एकाकडे चार ओळी, दुसऱ्याकडे सहा. आपल्याकडच्या सातबाऱ्यांची गुंतागुंत ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सालाचा ठसा इथे इतका स्पष्ट का उमटतो? एक कारण असं की रेड वाइनसाठी द्राक्षाची जात जवळजवळ एकच, पिनो न्वार. बोर्दो या फ्रान्समधल्याच दुसऱ्या वाइन-प्रदेशात एक जात फसली तर दुसरीचं प्रमाण वाढवून सावरून घेता येतं. इथे ती सोय नाही. दुसरं कारण मला आप्पांशी बोलताना कळलं. नाशिकला वेलीचं वर्ष आपण सुरू करतो. ऑक्टोबरात छाटणी आठ दिवस पुढे ढकलली की फुलोराही पुढे सरकतो. पाऊस नसला तर ठिबक आहे. बर्गंडीत वेल थंडीत झोपते आणि वसंतात तिच्या मर्जीने जागी होते. फळावर आलेल्या बागेला पाणी देणं नियमात बसत नाही. जे आकाशातून येईल ते आणि तेवढंच. उताराही कमी, गावाच्या नावाच्या आणि त्यावरच्या रेडसाठी साधारण हेक्टरी ३५ ते ४० हेक्टोलिटरची (हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) मर्यादा असते. म्हणजे एकरी दोन टनांच्या आसपास द्राक्षं. हे सांगितल्यावर दहा टन काढणारे आप्पा बराच वेळ फोनवर गप्प होते.

आता वर्ष कसं वाचायचं ते सांगते. मी एप्रिलपासून सुरू करते, कारण माझी खरी शिकवणी तिथूनच सुरू झाली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी कोत द बोनमधल्या वाइन करणाऱ्या एका छोट्या घराण्याकडे शिकाऊ होते. मार्चच्या शेवटी उकाडा म्हणावा असं ऊन पडलं होतं आणि डोळे फुटून कोवळी पानं दिसू लागली होती. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा सलग काही रात्री शून्याखाली गेला, त्यात एका रात्री बर्फही पडला. पहाटे तीनला आम्ही ओळींमधून मेणाचे डबे पेटवत चाललो होतो. हेक्टरी तीन-चारशे डबे लागतात. ते इतके महाग पडतात की सगळ्या बागेला पुरवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून फक्त वरच्या दर्जाच्या तुकड्यांत लावले होते. डोंगराच्या कडेने हजारो दिवे दिसत होते. पाहायला आलेल्यांना ते सुंदर वाटत होतं. आम्ही फक्त तापमापक बघत होतो.

निफाडला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मी फोन लावला.

"आप्पा, इथंही बागेत शेकोट्या पेटवल्यात बघा."

"कशापायी गं? मणी तडकतील म्हणून?"

"मणी अजून आलेत कुठे. नुसते डोळे फुटलेत."

"अगं, मग घडच गेले की!"

हेच ते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा वेलीवर भरलेले घड असतात, काळजी असते ती मणी तडकण्याची. तिकडच्या एप्रिलात त्या कोवळ्या फुटीतच वर्षाचा घड असतो. ती करपली की मागून दुय्यम डोळा फुटतो, पण त्याला घड कमी आणि उशिरा येतात. शार्डने ही व्हाइट वाइनची जात पिनोच्या आधी फुटते, म्हणून त्या वर्षी व्हाइट वाइनचं नुकसान जास्त झालं.

नवख्याची पहिली मोठी चूक इथेच होते. 'उत्पादन कमी म्हणजे वाइन दाट आणि दीर्घायुषी' असं सूत्र तो करून टाकतो. एप्रिलचा हिमकडाका किती पीक येणार ते ठरवतो, कसं येणार ते पुढचे महिने ठरवतात. २०१६ पाहा. २७ एप्रिलच्या पहाटे कडाका आला, ओलसर गोठलेल्या फुटींवर स्वच्छ ऊन पडलं आणि त्या भाजल्यासारख्या जळाल्या. एरवी थंड हवा उतारावरून ओघळून सखल भागात साचते आणि खालच्या बागा मार खातात. त्या वर्षी शांबोलच्या मधल्या उतारावरच्या मानाच्या जागाही गेल्या. नंतर ओला मे आणि डाऊनी. पण जुलैपासून हवा उघडली ती सप्टेंबरअखेरपर्यंत छान राहिली, आणि जे थोडे घड उरले होते ते नीट पिकले. म्हणून २०१६ ची वाइन थोडी असली तरी दाट आणि ताजी आहे, तिच्यात मुरण्याची ताकद आहे. २०२१ मध्येही पीक थोडंच होतं, पण उन्हाळा थंड आणि ओला गेला. त्या वाइन सडपातळ, सुगंधी, जुन्या वळणाच्या. बहुतेक लवकर पिण्याच्या. माझ्या हातचं साल म्हणून मला त्यांच्याविषयी माया आहे, पण त्या पुढच्या तीस वर्षांसाठी ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. (२०१६ वरून धडा घेऊन २०१७ च्या एप्रिलअखेर लोकांनी ओला पेंढा जाळून बागांवर धूर धरला, सकाळचं ऊन थेट पडू नये म्हणून. त्या वर्षी पीक वाचलं.)

मग जून. बाईंनी विचारला होता तो.

फुलोरा साधारण जूनमध्ये येतो आणि तिथून कापणीपर्यंत शंभरेक दिवस धरतात. फुलोऱ्यात ऊब आणि कोरडी हवा मिळाली तर मणी भराभर आणि एकसारखे धरतात. गारठा, पाऊस असला तर दोन गोष्टी होतात. काही फुलं धरतच नाहीत, गळून जातात. आणि काही धरतात पण बी नीट तयार होत नाही, त्यामुळे मणी बारीक राहतात. आपल्याकडे ज्यांना शॉट बेरी म्हणतात आणि टेबल द्राक्षाच्या घडात जे दिसले की व्यापारी भाव पाडतो, तेच हे. फ्रेंचमध्ये त्याला 'मिलरांदाज' म्हणतात, आणि पिनोच्या बागेत ते दिसलं की जुनी माणसं खूश होतात. हे पचायला मला वेळ लागला. कारण सोपं आहे. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. रेड वाइनचा रंग, तुरटपणा देणारं टॅनिन आणि बराचसा सुगंध सालीत असतो, आत गर जवळजवळ रंगहीन. शिवाय विरळ घडात हवा खेळते, कूज कमी होते.

२०१० चा जून गारठ्याचा होता. फुलं गळली, मणी बारीक राहिले, पीक घटलं. पुढचा उन्हाळाही फार तापला नाही, म्हणून आंबटपणा शाबूत राहिला. सप्टेंबरच्या मध्याला वादळाने धास्ती घातली, पण नंतर हवा कोरडी आणि थंड झाली आणि द्राक्षं सावकाश पिकली. २००९ मध्ये मणी भरपूर धरले आणि ऑगस्ट स्वच्छ, उन्हाचा गेला. द्राक्षं मऊ, गोड, उदार झाली. माझ्या समोरच्या दोन ग्लासांत हेच होतं. २००९ लगेच बोलत होती, कारण तिला आवरून धरणारं आत कमी होतं. २०१० गप्प होती, कारण मण्यांची साल जाड, आंबटपणा धारदार आणि फळ त्याच्या आड. २००९ वाईट नाही. चांगल्या घरची २००९ आजही आनंद देते. पण 'मुरेल कोण' या प्रश्नाचं माझं उत्तर नेमकं उलटं होतं.

मुरणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. आई लोणच्यासाठी कैरी निवडायची तेव्हा पाडाला आलेली बाजूला काढायची. तशी फोड आज खायला छान, पण बरणीत गळून जाते. लोणच्याला कडक, आंबट कैरी लागते. वाइनचंही बरंचसं तसंच आहे.

गारपिटीबद्दल थोडक्यातच, कारण ती पाहिलेल्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. ती पट्ट्यापट्ट्याने पडते. २०१२, २०१३ आणि २०१४ ला ओळीने तीन वर्षं पोमार-वोलनेच्या बाजूला मार बसला, आणि थोड्या किलोमीटरवर उत्तरेला त्यातलं फारसं काही नव्हतं. म्हणून 'बर्गंडी २०१३' असं एक वाक्य लिहिणं म्हणजे 'नाशिक जिल्ह्यात पाऊस बरा झाला' असं म्हणण्यासारखं आहे. भुरी आणि डाऊनी हे दोन्ही बुरशीरोग तिथेही आहेत. २०१२ आणि २०१६ ला डाऊनीने छळलं, २००४ ला भुरीने.

ऑगस्टपाशी मात्र थांबायला हवं. जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला मण्यात पाणी उतरतं, हिरवे मणी रंगू लागतात. इथून पुढे तीन घड्याळं एकदम चालू होतात, पण एका वेगाने चालत नाहीत. पहिलं साखरेचं, ते ऊन आणि पाण्यावर पळतं. दुसरं आंबटपणाचं. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टरिक आणि मॅलिक. टार्टरिक बरंचसं टिकून राहतं, पण मॅलिक मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि उष्णतेत, विशेषतः गरम रात्रींत, ते भराभर संपतं. तिसरं घड्याळ सालीचं आणि बियांचं, म्हणजे टॅनिन पिकण्याचं. त्याला वेळच लागतो. मोठं साल म्हणजे जिथे ही तिन्ही घड्याळं जवळपास एकाच वेळी बारा वाजवतात.

२००३ मध्ये ती पार विस्कटली. युरोपभर उष्णतेची लाट होती आणि कोत-दोरमध्ये ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर पडल्या. साखर पुढे, आम्ल जळून गेलेलं, आणि तडाख्याच्या उन्हाने काही ठिकाणी मणी वेलीवरच सुकलेले. एरवी जिथे रसात साखर मिसळायची परवानगी मागायची वेळ येते, तिथे त्या वर्षी आम्ल मिसळण्याची खास मुभा द्यावी लागली. त्या वाइनला पिनोची नाजूक चव कमी आणि मुरांब्यासारखा दाटपणा जास्त. काही अपवाद सुंदर आहेत, पण मी नवख्याला पिनो ओळखायला २००३ कधी देणार नाही.

सप्टेंबरचा प्रश्न पावसाचा. पिनोची साल पातळ, घड घट्ट. पाऊस लागला की आतल्या आत मणी एकमेकांना दाबून फुटतात आणि करडी बुरशी धरते. तिथे एक वारा आहे, नुसतं 'ला बीज' म्हणतात, उत्तरेचा, कोरडा आणि गार. २००८ चा उन्हाळा इतका ओला गेला की लोकांनी आशा सोडली होती. सप्टेंबरच्या मध्याला हा वारा सुटला, कूज थांबली, मणी थोडे आटले आणि साल वाचलं. १९९६ लाही तोच वारा वाहिला होता. कापायचं कधी, हा निर्णय वर्षातला सर्वांत एकाकी निर्णय असतो. मी शिकाऊ होते त्या घराण्याचा मालक सकाळी मणी तोंडात टाकायचा आणि बी दातांखाली फोडायचा. हिरवी, चिकट, कडू असेल तर थुंकून पुढे जायचा. तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली की मजुरांना फोन. प्रयोगशाळेचे आकडे तो नंतर बघायचा. पिनोमध्ये बियांच्या टॅनिनचा वाटा मोठा असल्यामुळे ही परीक्षा नुसता देखावा नाही. तुम्हीही करा, पहिल्या दिवसापासून.

काळ कसा बदललाय ते इथे सांगते, नाहीतर जुनी पुस्तकं वाचून गोंधळ होईल. बोनच्या कापणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून जुळवलेली आहे. शतकानुशतकं सरासरी कापणी २८ सप्टेंबरच्या आसपास सुरू व्हायची, १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस अलीकडे आली आहे. म्हणजे आधीच्या पिढ्यांचा प्रश्न 'पिकेल का?' हा होता. उष्ण, कोरडं वर्ष म्हणजे आपोआप मोठं वर्ष. आता पिकतं जवळजवळ दरवर्षी, आणि प्रश्न उरतो 'ताजेपणा राहील का?' २०१८, २०२०, २०२२ ही सगळी ऊबदार वर्षं. पूर्वी ज्यांना थंड, मागास म्हणत ती वरच्या पठारावरची ओत-कोतची शिवारं आता हातात घेण्यासारखी झाली आहेत, आणि किमतीही अजून आवाक्यात आहेत.

आता मुरण्याकडे. बाटलीत बुचातून अगदी थोडा प्राणवायू जात राहतो. रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात, त्यातल्या काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात. त्यामुळे तुरटपणा मऊ होतो, रंग विटकरीकडे झुकतो. चेरी-रास्पबेरीचा वास हळूहळू ओल्या पानांचा, अळंबीचा, चामड्याचा होतो. पहिल्या पावसानंतर झाडाखालच्या पालापाचोळ्याचा वास आठवा, तो बराच जवळ आहे. आंबटपणाचं काम या सगळ्यात पहाऱ्याचं. पीएच कमी, म्हणजे आंबटपणा जास्त असला की ऑक्सिडेशन सावकाश होतं आणि टिकवण्यासाठी घातलेला थोडा गंधकही जास्त प्रभावी राहतो. पण नुसता पहारेकरी काय कामाचा, आत राखायला काही हवं.

दोन जुनी सालं हे फार चांगलं शिकवतात. १९७६ दुष्काळी, जाड सालीचं. टॅनिन इतकं की लोकांनी ती अनेक वर्षं ठेवून दिली. बऱ्याच बाटल्यांत फळ आधी वाळलं, तुरटपणा तसाच राहिला. १९९६ उलट्या बाजूने. आंबटपणा उंच, त्यामुळे 'अमर' म्हणून वाखाणलेली, पण कित्येक वाइन कधी मोकळ्या झाल्याच नाहीत. टॅनिन, आंबटपणा आणि फळ, तिन्ही भरपूर आणि एकमेकांच्या तोलाची असतील तेव्हाच प्रतीक्षेला अर्थ असतो, आणि याचं माझ्या माहितीतलं सर्वांत स्वच्छ उदाहरण २००५. कोरडं, संथ, निरोगी वर्ष. त्या वाइन बाटलीत गेल्यावर काही काळाने इतक्या घट्ट मिटल्या की दहा वर्षांनी उघडणाऱ्यांनाही कोरडा चेहरा दिसला. हे मिटणं फ्रेंच लोक गृहीतच धरतात. पहिली दोन-तीन वर्षं वाइन फुलांसारखी असते, मग गप्प होते, मग वेगळ्या आवाजात बोलू लागते. गप्प काळातली वाइन चाखून ती वाईट ठरवणं ही माझी चूक होती, ती तुम्ही करू नका.

२००४ चं नाव मी सावधपणे घेते. भरपूर पीक, गार-ओला उन्हाळा, सप्टेंबरने थोडं सावरलं. पिंपात ठीक वाटलेल्या कित्येक वाइनमध्ये बाटलीत गेल्यावर कच्च्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास वर आला. कारणांवर अजून वाद आहेत. विद्यार्थ्याने एक तरी बाटली हुडकून चाखावी, तो वास एकदा ओळखला की विसरत नाही.

अंदाज म्हणून मी वहीत असं लिहिलंय: चांगल्या सालातली गावाच्या नावाची वाइन सात ते बारा वर्षं, प्रीमिए क्रू दहा ते वीस, ग्रां क्रू पंधराच्या आधी उघडू नये. २००७, २०११, २०१७ सारख्या हलक्या सालांत हे आकडे निम्म्यावर आणा, आणि त्यात कमीपणा मानू नका. हॉटेलात काम करणार असाल तर तुमचा रोजचा संसार याच सालांवर चालेल, कारण मोठ्या सालाची वाइन ऐन मिटलेल्या वयात गिऱ्हाइकाला देणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं. करणाऱ्याचा हातही मोजायला हवा. देठासकट आंबवलं की पोत आणि सुगंध बदलतो आणि आंबटपणा थोडा उतरतो, सालींचा थर फार दाबला की टॅनिन ओरबाडलं जातं. उष्ण वर्षात हलका हात, असं बरेच जण आता करतात.

पिनोच्या रंगाने मात्र फसू नका. तो मुळातच फिका असतो. काबर्ने किंवा शिराझ या गडद जातींवर डोळा तयार झालेली आपली मुलं फिका ग्लास पाहून 'अशक्त' लिहितात. मीही लिहायची.

अभ्यासासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. एकच उत्पादक निवडा, त्याची साधी प्रादेशिक 'बूर्गोन्य' किंवा गावाची वाइन घ्या आणि ओळीने तीन सालं शेजारी ठेवा. चार-पाच जण मिळून पैसे घाला. वहीत डाव्या पानावर हवामान लिहा, कडाका, फुलोरा, गारा, ऑगस्टच्या रात्री, कापणीची तारीख. बर्गंडी वाइन मंडळ दरवर्षी सालाचा अहवाल काढतं. उजवं पान चाखण्यासाठी. डावं पान आधी न बघता चाखा आणि मग जुळवा. दर दोन वर्षांनी मार्चमध्ये 'ग्रां जूर द बूर्गोन्य' भरतं, गावोगावच्या वाइन एका आठवड्यात चाखता येतात. व्यवसायातल्यांसाठीच असतं, पण विद्यार्थ्यांनी शाळेमार्फत विचारावं.

एक बजावून सांगते. बाटल्या हौसेने घरी आणून नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटात ठेवू नका. मुरण्याचा सगळा हिशेब १२ ते १४ अंशांच्या, ओलसर, अंधाऱ्या तळघराचा आहे. एप्रिल-मेच्या खोलीत ती वाइन मुरत नाही, शिजते. वाइनचं फ्रिज घेणं जमत नसेल तर आणलेली बाटली उन्हाळ्याच्या आत पिऊन टाका.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना यापुढे २०२४ ची रेड हाती येईल. पावसाचं वर्ष, डाऊनीने झोडपलेलं, कोत द न्वीमध्ये पीक अगदीच थोडं. कुणी म्हणेल टाळा, कुणी म्हणेल पूर्वीसारखी नाजूक आहे. दोन बाटल्या घ्या, एक लगेच उघडा. डाव्या पानावर तो ओला वसंत आणि फुलोरा लिहून काढा, उजव्या पानावर साल किती पातळ वाटते, आंबटपणा कुठे लागतो, आणि खाली तुमचा अंदाज, किती वर्षं. दुसरी बाटली त्या तारखेला.